दावण रानात : हिवाळी वैरणीच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

मक्याचं रान मोकळं झालं. यंदाचा बेत असा: दुभती जनावरं गोठ्यातच राहतील. भाकड आणि गाभण गायी, कालवडी आणि बैलजोडी अशी बारा जनावरं १५ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर रानात राहतील, आणि तिथंच खातील. आजवर वैरण रानातून गोठ्यात, शेण गोठ्यातून उकिरड्यावर आणि खत उकिरड्यावरून परत रानात, अशी तिहेरी हमाली चालली. एवढं करून मूत मात्र गोठ्याच्या नालीतच जातं. खाणारं तोंडच रानात नेलं तर यातलं किती वाचतं ते बघायचं आहे.

कल्पना नवी नाही. खतासाठी रानात मेंढ्या बसवतात ती हीच गोष्ट. कॅनडाच्या थंड मैदानी प्रांतांत तर उन्हाळ्यात वाळवलेल्या गवताचे मोठे गोल गठ्ठे बर्फ पडायच्या आत कुरणात ओळीने मांडून ठेवतात आणि हिवाळाभर तारेचं कुंपण सरकवत गायींना एकेक रांग मोकळी करून देतात. तिथली जमीन दगडासारखी गोठलेली असते, त्यामुळे खूर रुतत नाहीत. आपल्याकडे जमीन गोठत नाही, तेव्हा ती बाजू आपल्यालाच सांभाळावी लागेल.

रान तीन एकर. वरचे दोन एकर माळाकडचे, हलके, मुरमाड. खालचा एकर ओढ्याच्या अंगाचा, काळा. वैरण टाकायची ती फक्त वरच्या दोन एकरांत. काळ्या रानाला शेणाची तितकी गरज नाही आणि ओढ्याजवळ शेण-मूत साठवलं की पहिल्या पावसात ते पाण्यात उतरणार.

४ नोव्हेंबर

हिशेब मांडला. जनावरांचं सरासरी वजन ३२० किलो धरलं. वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा धरला तर एका जनावराला रोज ८ किलो, बाराजणांना ९६ किलो. ही कोरड्या पदार्थाची वजनं आहेत. ओलावा आणि नासाडी धरून प्रत्यक्षात जास्त वैरण लागेल.

नुसत्या ज्वारीच्या कडब्यावर भागत नाही. कडब्यात प्रथिनं जेमतेम ४ टक्के. कोठीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटातल्या) जिवाणूंना काम करायला एकूण चाऱ्यात साधारण ७ टक्के प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की चारा पोटात पडून राहतो आणि जनावर पुढ्यात वैरण असूनही कमी खातं. म्हणून रोज प्रत्येकी ६ किलो कडबा, ५ किलो हिरवा लसूणघास (सुका धरला तर १ किलो) आणि १ किलो सरकी पेंड. प्रथिनं भरली सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. गाभण गायींना शेवटच्या दोन महिन्यांत पेंड वाढवायची.

आता दुसरी बाजू. प्रथिनांना सव्वासहाने भागलं की नत्र निघतं. एका जनावराच्या पोटात रोज १०५ ग्रॅमच्या आसपास नत्र जातं, सगळ्यांच्या मिळून सव्वा किलोच्या वर. हिवाळाभराचं १३० किलो. दूध न देणारं जनावर त्यातलं ८० टक्क्यांहून अधिक बाहेर टाकतं. म्हणजे शंभरावर किलो नत्र रानात पडणार. युरियात ४६ टक्के नत्र असतं, त्या मापाने ४५ किलोच्या पाच गोण्या. पण हा आकडा वहीतच मोठा दिसतो. मुतातला युरिया दोन-चार दिवसांत अमोनिया होऊन काही प्रमाणात उडून जाणार, आणि शेणातलं नत्र सावकाश, वर्ष-दोन वर्षं सुटत राहणार. तरी नालीत जाण्यापेक्षा बरं.

५ नोव्हेंबर

मातीचे नमुने काढले. नागमोडी चालत, वरच्या १५ सेंटिमीटरचे. वरच्या रानाचा वेगळा, काळ्याचा वेगळा. वरच्या रानातला ओढ्याकडे उतरणारा एक पट्टा कोरा ठेवायचा, तिथं काही टाकायचं नाही. तुलनेला काही हवं.

७ नोव्हेंबर

रानात पडलेली कणसं वेचून घेतली. निव्वळ काटकसर म्हणून नाही: जनावरं मोकळी सुटली की आधी कणसंच शोधतात, आणि एखाद्या हुशार गाईला एका दिवसात टोपलीभर सापडली तर पोटात आम्ल वाढून ती आडवी होते. कडब्यावर असलेल्या जनावराला धान्याची अचानक चंगळ झेपत नाही.

९ नोव्हेंबर

सौर झटका मशीन बसवलं. एकच तार, जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर. रानात नेण्याआधी जनावरांना गोठ्यामागच्या छोट्या आवारात तारेची ओळख करून दिली. नाकाने हुंगतात, झटका बसतो, मागे सरतात. हा धडा बंदिस्त जागेत व्हायला हवा; मोकळ्या रानात पहिला झटका बसला तर जनावर मागे न जाता पुढे तार तोडून पळतं. बैलांना एकदाच पुरला. एक कालवड मात्र कान टवकारून तारेचा टिकटिक आवाज ऐकते आणि मशीन बंद असेल तेव्हा बरोबर ओळखते. तिच्याकडे लक्ष ठेवायला हवं.

१२ नोव्हेंबर

कडबा आजच रानात वाहून ठेवला, चार ठिकाणी चार लहान गंजी. म्हणजे ऐन थंडीत रोज गाडी जुंपायला नको. गंजींभोवती वेगळी तार. पेंढ्यांचे नायलॉनचे बंद टाकतानाच कापून खिशात घालायचे, हा नियम सगळ्यांना सांगितला. पोटात गेलेली दोरी बाहेर येत नाही, गोळा होऊन बसते. तारेचे तुकडे आणि खिळे त्याहून वाईट, ते जाळीपोटातून (कोठीपोटापुढच्या लहान पोटातून) थेट हृदयाकडे टोचतात.

१५ नोव्हेंबर

जनावरं रानात.

रोजचं गणित: दोन एकर म्हणजे ८,००० चौरस मीटर. फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरवायचं तर रोज ७५ चौरस मीटर. म्हणजे १५ मीटर लांबीची वैरणीची ओळ आणि ती रोज ५ मीटर पुढे. एका टोकाला खुंटी मारली, तिथून पावलं मोजली.

शेजारचे आबा बांधावर येऊन उभे राहिले. "अरे, कडबा मातीत टाकतोस? गव्हाण काय मोडली?"

"नाही आबा, गव्हाणच चालती केली."

"तुझी गव्हाण चालती, आणि कडबा तुडवणार जनावरं. अर्धा खाली जाईल बघ." एवढं बोलून ते पेंढ्या सोडायला हात लावायला आले. आबांचं बोलणं एक आणि हात दुसरे.

१८ नोव्हेंबर

लांब ओळीपेक्षा ढीग बरे. ओळीत थोरली गाय मधोमध उभी राहते आणि शिंगाने दोन्ही बाजू राखते. दोन धाकट्या कालवडी शेवटपर्यंत बाजूला. आता त्याच १५ मीटरमध्ये जनावरांपेक्षा दोन ढीग जास्त टाकतो. हुसकावलेल्या जनावराला जायला जागा असते. फरक त्याच दिवशी दिसला.

कुट्टी करून टाकावी का, असं वहिनींनी विचारलं. गोठ्यात कुट्टीच बरी, चघाळ (खाऊन उरलेली वैरण) कमी राहते. पण जमिनीवर कुट्टी टाकली तर वारा नेतो आणि मातीत मिसळते. रानात अख्खा कडबा. पाला आणि शेंडा खातील, बुडखे राहतील. राहू देत, ते जमिनीवर आच्छादन म्हणून हवेच आहेत.

२३ नोव्हेंबर

शेण बघत फिरलो. हे काम कुणी सांगत नाही, पण वैरणीचा हिशेब बरोबर आहे की चुकतोय ते वहीपेक्षा शेण आधी सांगतं. शेणाचा पो पसरट, मधे जरा खोलगट असेल तर ठीक. उंच, कोरडा, वळ्यावळ्यांचा रचला गेला तर प्रथिनं कमी पडताहेत किंवा पाणी. पातळ, फेसाळ असेल तर हिरवं किंवा धान्य जास्त. बैलांचे पो वळ्यांचे निघाले. पाण्याकडे बघितलं तर ड्रम दूर, पहिल्या दिवशी ठेवला तिथंच, आणि सकाळचं पाणी गार. थोडं पितात आणि परत येतात.

वाळल्या वैरणीवर दर किलो कोरड्या चाऱ्यामागे ३ ते ४ लिटर पाणी लागतं, म्हणजे एका जनावराला रोज २५ ते ३० लिटर. आता पाण्याचा ड्रम आणि हौद चाकाच्या गाड्यावर चढवला. तो वैरणीबरोबर सरकतो आणि दुपारी ऊन पडल्यावर भरतो.

गाड्याचा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा. जनावर जिथं पाणी पितं आणि जिथं बसतं, तिथं सगळ्यात जास्त शेण टाकतं. ड्रम एकाच जागी राहिला असता तर माझं दोन एकरांचं नत्र त्या ड्रमाभोवतीच्या दोन गुंठ्यांत गेलं असतं.

२९ नोव्हेंबर

थंडी वाढली. वैरणीची वेळ बदलली: सकाळी तिसरा हिस्सा आणि लसूणघास, बाकी सगळं दिवस मावळताना. जाडाभरडा चारा कोठीपोटात आंबताना उष्णता निघते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी जास्त असते. संध्याकाळी भरलेलं पोट पहाटेच्या थंडीत कामाला येतं. सकाळी खाऊ घातलं तर ही ऊब दुपारी मिळते, तेव्हा तिची गरज नसते.

लसूणघास दव वाळल्यावरच. भुकेल्या पोटी ओला, कोवळा लसूणघास म्हणजे पोटफुगीला आमंत्रण. आधी थोडा कडबा, मग हिरवं.

६ डिसेंबर

आभाळ. उद्या-परवा पाऊस सांगितलाय. गंजींवर ताडपत्री, चारही कोपऱ्यांना दगड.

८ डिसेंबर

काल रात्रभर पाऊस. मोठा नाही, पण थांबला नाही.

थंडीबद्दल लोक पाऱ्याकडे बघतात, मी आता कातडीकडे बघतो. अंगावर दाट हिवाळी केस असलेलं, कोरडं, पोट भरलेलं जनावर शून्य अंशाच्या आसपासची थंडी जादा चाऱ्याशिवाय काढतं. तेच जनावर चिंब भिजलं की ही सीमा १५ अंशांवर येते. हे आकडे थंड देशांतल्या जातींचे. आपल्या वशिंडाच्या जनावरांची केसं आखूड, त्यांना थंडी त्याआधीच लागणार. सीमेखाली दर अंशाला ऊर्जेची गरज २ टक्क्यांच्या आसपास वाढते. काल रात्री ९-१० अंश होतं, भर डिसेंबरात काही मोठी थंडी नव्हे. पण जनावरं भिजलेली होती, म्हणजे १० टक्के तरी जास्त खायला हवं.

म्हणून काल संध्याकाळी आभाळ भरून येतानाच सगळी जनावरं रस्त्याकडच्या मुरमाच्या कोपऱ्यात नेली आणि ठरलेल्यापेक्षा एकेक पेंढी जास्त सोडली. तो कोपरा बळीचा कोपरा. तिथं पीक येत नाही, तुडवला तरी चालतो. ओल्या मातीत जनावरांचा तळ दिला तर खुरांनी जमीन दाबली जाते, आणि एकदा दाबलेली जमीन सैल करायला जो खर्च येतो त्यात शेणाचा सगळा फायदा बुडतो. माती हातात घेऊन तिचा गोळा होणं थांबेपर्यंत जनावरं तिथंच.

९ डिसेंबर

रात्री पुन्हा तिथंच. दोन गायींच्या अंगावर काटा. पोती बांधली.

१२ डिसेंबर

परत ओळीवर. जिथं थांबलो होतो तिथून पुढे.

१६ डिसेंबर

पावसाने एक नवीन धोका उगवला. बांधापलीकडच्या आबांच्या रानात खरिपाची ज्वारी कापली होती, तिच्या धसकटांना हिरवेगार फुटवे फुटलेत, वीतभर. वाळका कडबा चघळणाऱ्या जनावराला ते दिसले की तार कसली आणि बांध कसला. किराळ लागते म्हणतात ती हीच. कोवळ्या फुटव्यात, आणि पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीत, हायड्रोसायनिक आम्ल सुटतं असं द्रव्य असतं. पेशींना रक्तातला प्राणवायू वापरता येत नाही. जनावर धापा टाकतं, थरथरतं, पडतं. रक्त लालभडक दिसतं. पुरेसं खाल्लं असेल तर डॉक्टर यायच्या आत खेळ संपतो. वेळेत पोचले तर सोडियम थायोसल्फेट आणि सोडियम नायट्राइट शिरेतून देतात, ते डॉक्टरांचंच काम.

त्या बाजूला दुसरी तार ओढली, पहिलीपासून दोन मीटर आत. आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला पण दिसलं. उद्या वखर घालतो." दुसऱ्या दिवशी वखर घातलाही. वाळलेल्या कडब्यात हा धोका फारसा उरत नाही, म्हणून पूर्ण वाढून वाळलेला कडबा निर्धास्त टाकतो.

२१ डिसेंबर

तिसऱ्या गंजीची ताडपत्री एका कोपऱ्याला उडाली होती. वरच्या पेंढ्या आतून काळ्या, वास कुबट. बुरशीचा कडबा अंथरुणाला वापरावा असं सुचतं, पण जनावर अंथरूणही खातं, आणि गाभण गायींना तर तो नकोच. सगळा उकिरड्यावर. खालचा कडबा स्वच्छ.

२८ डिसेंबर

उत्तरेचा वारा बोचरा. वाऱ्याचा आडोसा केला: बांबूच्या चौकटीत तुराट्या बांधून पाच पडदे, माणसाच्या उंचीचे, दोघांना उचलता येतील असे. पूर्ण बंद भिंत नाही. तुराट्यांमधून थोडा वारा गेला पाहिजे. भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे जवळच खाली आपटतो आणि घुमतो. पाव-पंचमांश भाग उघडा असलेला आडोसा त्याच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर मोडतो. पडदे दर आठवड्याला सरकवायचे.

जनावरं आता पडद्यामागे, कालच्या ओळीच्या बुडख्यांवर बसतात. हे मनासारखं झालं. रात्रभर बसलेलं जनावर पहाटे उठलं की आधी शेण टाकतं आणि मुततं. ते बुडख्यांवरच पडतं.

३ जानेवारी

मापं घेतली. वजनकाटा नाही, टेप आहे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी, भागिले १०,८३८, उत्तर किलोत. बोलकी कालवड (टिकटिक ऐकणारी): घेर १५०, लांबी १३०, वजन २७०. आकडा पाच-दहा टक्के इकडे-तिकडे असेल, पण दर वेळी एकाच माणसाने, सकाळी पाण्याआधी मोजलं तर वाढ खरी कळते.

गायींच्या बरगड्यांवर हात फिरवून बघितला. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना जराशा दाबाने लागाव्यात. अंगभरणीच्या पाचाच्या मोजपट्टीवर (एक हाडकुळं, पाच लठ्ठ) तीन. एक गाय अडीचवर आहे, तिला वेगळी पेंड सुरू. थंडीत केस उभे असतात, नुसत्या नजरेला हाडकुळं जनावरही भरलेलं वाटतं. हात लावल्याशिवाय खरं नाही.

११ जानेवारी

पहिली गाय व्यायली. दुपारी, ऊन असताना. चार दिवस आधीच तिला गोठ्यात आणून कोरड्या गवतावर ठेवलं होतं. कालवड झाली. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजला, वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा पहिल्या दिवसात, विभागून.

रात्री उशिरा चारा टाकला तर गायी दिवसा वितात, असा कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या गस कोनेफाल या पशुपालकाच्या नावाने ओळखला जाणारा रिवाज आहे. ते दुपारच्या सुमाराला आणि पुन्हा रात्री साडेनऊ-दहाला खाऊ घालत, आणि बहुतेक गायी सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळात वीत. पुढे इतर ठिकाणच्या चाचण्यांतही संध्याकाळी खाणाऱ्या गायी दिवसा जास्त व्याल्या. आमची दुपारी व्याली म्हणून मी लगेच त्याचं श्रेय घेणार नाही, एका गायीवरून काय ठरतं? वहिनी मात्र खूष: कंदील घेऊन पहाटे बसावं लागलं नाही.

१९ जानेवारी

दोन जनावरं पडद्याच्या बांबूला मान घासत होती. केस बाजूला सारून बघितलं, उवा. हिवाळ्यात गोचिडं कमी होतात आणि उवा वाढतात, दाट केसांत त्यांना बरं सापडतं. खाजवण्यात जनावराचं खाणं कमी होतं. डॉक्टरांनी दिलेलं औषध सगळ्यांना एकाच दिवशी लावलं. दोघांना लावून बाकीची सोडली तर महिन्यात पुन्हा तेच. अंडी मरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी दुसरा हात.

२७ जानेवारी

झटका लागेनासा झाला. मशीन ठीक, बॅटरी ठीक, तार कुठे टेकलेली नाही. बोलक्या कालवडीला आधी कळलं. ती तारेखालून पलीकडे लसूणघासात. ज्वारीत नाही गेली हे नशीब.

कारण जमिनीत होतं. झटक्याचं वर्तुळ पूर्ण व्हायचं तर वीज जनावराच्या खुरातून मातीत आणि मातीतून अर्थिंगच्या सळईत परत यावी लागते. माळाची माती आता कोरडी ठणठणीत, तिच्यातून वीज वाहत नाही. सळई ओढ्याकडच्या काळ्या, ओलसर मातीत हलवली, अजून दोन सळया जोडल्या, प्रत्येकीत तीन मीटरचं अंतर, आणि बुंध्याशी बादलीभर पाणी. झटका परत आला. कोरड्या रानात दर काही दिवसांनी सळयांना पाणी घालणं हे झाडांना पाणी घालण्याइतकंच नेमाचं काम समजायचं.

६ फेब्रुवारी

डिसेंबरमधल्या ओळी बघितल्या. बुडखे जवळजवळ नाहीसे! वाळवी. कोरड्या हिवाळ्यात चघाळ आणि वाळले पो या दोन्हींवर तीच आधी येते. बुडख्यांखाली मातीचे बोगदे, पो उचलला तर आतून पोकळ. आच्छादन राहील हा माझा अंदाज निम्मा खरा: जनावरं बसत त्या जागचे बुडखे शेणमुताने भिजलेले, ते शिल्लक आहेत, कडेचे कोरडे गेले. पण वाळवीने नेलेलं रानाबाहेर गेलं असं नाही, ते जमिनीतच खाली गेलं.

आबा चघाळ पायाने उलटवून म्हणाले, "अर्धा म्हणालो होतो. इतका नाही गेला." मला वाटतं पाचवा हिस्सा असेल, पहिल्या आठवड्यात जास्त होता, ढीग सुरू केल्यावर कमी झाला. हा हिस्सा पूर्ण बुडीत धरायचा की खत धरायचं, यावर आबांचं आणि माझं अजून जमत नाही. कडबा टंचाईच्या साली मी आबांच्या बाजूने असेन. यंदा नाही.

नांगरताना एक लक्षात ठेवायचं: ज्वारीच्या बुडख्यात कर्ब भरपूर, नत्र थोडं. नुसते बुडखे गाडले तर ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पुढचं पीक सुरुवातीला पिवळं पडतं. जिथं बुडख्यांवर मूत पडलंय तिथं ही अडचण कमी.

१५ फेब्रुवारी

पो फोडले. बाभळीच्या काटेरी फांद्या बांधून बैलांकरवी रानावर ओढल्या. अख्खा पो राहिला तर त्याच्याखालची वीतभर जागा माजते आणि बाकीची उपाशी राहते. मुताच्या डागांचं असं करता येत नाही. एका डागाखाली नत्राचं प्रमाण हेक्टरी शेकडो किलोंच्या हिशेबाचं असतं, आणि दोन पावलांवर काहीच नाही. म्हणून ओळ रोज सरकवायची. जनावर कुठे मुतेल हे मला ठरवता येत नाही, ते रात्री कुठे असेल एवढंच ठरवता येतं.

डिसेंबरच्या पावसानंतर पहिल्या ओळींत तण उगवलंय, त्यात रानात कधी नव्हतं असं. बाहेरून आणलेल्या कडब्याबरोबर बी आलं. टणक बी पोटातून जिवंत बाहेर पडतं. फुलण्याआधी उपटलं. पुढच्या साली बाहेरची वैरण एकाच पट्ट्यात टाकायची, म्हणजे शोधायला सोपं.

१८ फेब्रुवारी

पुन्हा मापं. बोलकी: घेर १५५, लांबी १३२, वजन २९२-२९३. दीड महिन्यात २२ किलो, दिवसाला अर्ध्या किलोच्या जरा खाली. टेपचा भरवसा तितकाच, पण इतर कालवडीही त्याच बाजूला सरकल्या आहेत. अडीचवरची गाय तीनच्या जवळ. बैलांचं वजन हललेलं नाही, त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा होती.

२४ फेब्रुवारी

वेळेचा हिशेब. रोज वैरण टाकणं, तार आणि पाणी सरकवणं मिळून गोठ्यातल्या कामापेक्षा कमी वेळ नाही, जवळजवळ तेवढाच. वाचली ती शेणाची वाहतूक आणि गोठ्याची झाडलोट. पाणी वाहणं हे नवं काम पदरात पडलं. रानात विहिरीची पाइपलाइन असेल त्याला हे फार सोपं जाईल. रात्री राखणीला कुणीतरी लागतंच. ज्याच्याकडे माणूस नाही त्याने हे करू नये, असं मी स्पष्ट सांगेन. तसंच ज्याचं सगळं रान भारी काळं आहे आणि हिवाळ्यात पाऊस पडतो, त्यानेही.

२८ फेब्रुवारी

जनावरं गोठ्यात परत. ऊन आता झळा मारतंय, रानात सावली नाही. चौथ्या गंजीतला कडबा थोडा उरला, तो गोठ्यात.

पुढच्या हिवाळ्यासाठी: पाण्याचा गाडा पहिल्या दिवसापासून. ताडपत्रीऐवजी गंजीलाच उताराचं छप्पर घालून शाकारणं. अर्थिंगच्या सळया सुरुवातीपासून ओलीत. गव्हाच्या काडावर युरियाची प्रक्रिया करून बघायची: १०० किलो काडाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून, थरांवर शिंपडून, हवाबंद झाकून २१ दिवस. थंडीत ही क्रिया मंदावते, तेव्हा ऑक्टोबरच्या उन्हातच झाकून ठेवावं. उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास जाईपर्यंत मोकळं पसरायचं, मगच जनावरांपुढे. लहान वासरांना नाही.

३ मार्च

मातीचे नमुने पुन्हा काढले, तेच ठिकाण, तीच खोली, पोच्या थेट खालची जागा टाळून. सेंद्रिय कर्ब एका हिवाळ्यात हलेल अशी आशा नाही. स्फुरद, पालाशात काही दिसलं तर दिसेल. पालाश बहुतेक मुतातून पडतो आणि कडब्यात तो भरपूर असतो. खरी परीक्षा पिकाची. कोऱ्या पट्ट्यात आणि वैरणीच्या पट्ट्यांत एकाच दिवशी, एकाच वाणाची बाजरी पेरायची, दोन्हीकडे वरून काही न देता.

कोऱ्या पट्ट्याच्या चारही कोपऱ्यांवर खुणेचे दगड रोवले आणि ट्रॅक्टरवाल्याला नेऊन दाखवले. उन्हाळी नांगरट पट्ट्यांच्या लांबीने करायला सांगितली आहे, म्हणजे एका पट्ट्यातली माती ओढली जाऊन दुसऱ्यात जाणार नाही.